वजन न दिल्यास

टिळकवाडी, बेळगाव
५ जुलै १९८७

आक्का, जयभीम.

आईचा खोकला कसा हाय ते आधी कळव, मग माझ्यावर चीड. महिना झाला पत्र न्हाय हे खरं, पण हा महिना मी माणसांत नव्हतोच. आमच्या संस्थेनं घेतलेली कॉम्प्युटरची मशीन खोक्यातनं बाहेर निघाली आणि तवापासनं मी तिच्यापुढं बसून हाय. तिला गारवा लागतो, म्हणून हुक्केरीसाहेबांच्या डोक्यावरचा पंखा काढून तिच्या खोलीत लावला. साहेब रुमालानं वारा घेत बसतात आणि माझ्याकडं बघत्यात.

आमचं काम तुला म्हाईत हाय. चाळीस गावांतनं तुझ्यासारख्या नर्सबाया दर महिन्याला लेकरांचे फॉर्म धाडतात. लेकराचं नाव, आईचं नाव, वय, वजन. त्यावरनं कुठलं लेकरू अशक्त ते काढायचं, आणि ज्या गावात अशक्त लेकरं पाचाच्या वर, त्या गावाला दूध पावडर आणि सातूचं पीठ चालू ठेवायचं. आधी तीन कारकून पंधरा-पंधरा दिवस बसायचे ह्याला. आता माझा प्रोग्रॅम करणार.

पण तुम्ही फॉर्म भरता तरी कसे गं! कितीतरी फॉर्मांत वजनच न्हाय. प्रोग्रॅममध्ये मी एक प्रोसीजर लिहिलीय, म्हणजे एकाच कामाला ठेवलेला आचारी समज. त्याला वय द्यायचं, वजन द्यायचं, तो सांगणार लेकरू बरं की अशक्त. वजन न्हाय मिळालं की तो हातावर हात ठेवून बसायचा. सगळी मशीन थांबायची आणि बाहेरनं साहेबांची हाक यायची, "एनायितु, सत्याप्पा?" काय झालं म्हणून विचारतात, दिवसातनं तीस-चाळीस वेळा! शेवटी मी त्या आचाऱ्याला शिकवलं. वय सक्तीचं, ते पहिल्यांदा द्यायचं. वजन ऐच्छिक, ते शेवटाला. दिलं तर घ्यायचं, न दिल्यास आपल्याजवळचा ठरलेला आकडा घ्यायचा आणि पुढं चालायचं. हॉटेलात चहा सांगितल्यावर साखरेचं कोण विचारतंय? न सांगता साखर घालूनच येतोय. नको असली तर ज्याची त्यानं सांगायची.

काल चाळीस गावं एका दमात निघाली. मशीन कुठंच अडली न्हाय. साहेबांनी स्वतः जाऊन कुंदा आणला आणि पहिला घास मला दिला. आप्पा पाहिजे होते आक्का. वखारीत पोती वाहून त्यांनी मला शिकवलं, आणि बघायला राहिले न्हाईत.

तुझा,
सत्याप्पा


बेळकोडी, ता. चिकोडी
१४ जुलै १९८७

सत्या,

आईचा खोकला तंबाखूचा हाय. तीस वर्षं वखारीत बसून मिळवलेला, तो काय औषधानं जातोय? तुझं पत्र वाचून दाखवलं. कुंदा आला तिथं तिनं डोळं पुसलं. आचाऱ्याचं ऐकून म्हणाली, "किती माणसं जेवणार ते इचारल्याबिगर कसला रं सैपाक करतोय हा?" मला तर ते आपल्याजवळचा आकडा वगैरे डोक्यावरनं गेलं. साखर तेवढी कळली.

आणि फॉर्म कसे भरता म्हणून मला शिकवू नको. जागा रिकामी दिसली की नर्सबाई आळशी, असंच ना? मग ऐक.

इथं मरगुबाईला गुळाचा नवस बोलतात. लेकरू दुखण्याईत पडलं, अंगावर मांस धरंना झालं, की आई देवीला बोलते, पाच वर्षांचं होऊ दे, तुझ्या दारात गुळानं तोलीन. एकदा बोललं की तोवर ते लेकरू दुसऱ्या कुठल्याच काट्यात घालायचं न्हाय. देवीच्या आधी माणसानं तोललं तर नवस फुकट आणि लेकरूही फुकट. म्हणजे बघ, धडधाकट पोरं माझ्या काट्याला लोंबकळून खिदळतात, आणि ज्यांना तोलायलाच पाहिजे ती नवसाची, ती घरात झाकून ठेवलेली. एकसष्ट लेकरांत अशी बारा हाईत. मी हात जोडले, भांडले, एका घरात तर उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय मला. का घेतलं न्हाय ते तुला सांगायला नको.

गुणाबाईची राजी त्यातलीच. गुणाबाई आईच्याच वखारीत कामाला हाय, आधीची दोन गेली तिची. राजी दीड वर्षाची, नाव कागदावर राजाबाई म्हणून मोठं लिहिलंय, पण पोरगी अजून उभी राहत न्हाय. मी गेले की माझ्या घड्याळाचा पट्टा धरून बसते आणि सोडत न्हाय. दूध पावडर आणि पिठावरच ती तगून हाय, हे मी लिहून देते.

मी अंदाजानं आकडा टाकला असता तर कुणाला कळलं असतं? पण ट्रेनिंगला डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट हजारदा सांगितली, न मोजलेलं लिहायचं न्हाय. म्हणून मी जागा रिकामी सोडते. माझ्या मनात असं की बारा रिकाम्या जागा बघून बेळगावात कुणीतरी म्हणेल, ह्या बाईनं हे का सोडलं? जाऊन तर बघू. एखादा डॉक्टर जीपमध्ये घालून आण रं. डॉक्टर नुसतं बघून सांगेल, काटा लागणार न्हाय.

अंजना


टिळकवाडी
२३ जुलै १९८७

आक्का,

नवसाची गोष्ट साहेबांना सांगितली, लई हसले. म्हणाले, त्यांच्या आजीनं पण असलंच काहीतरी बोललं होतं, म्हणून ते एवढे जाड झाले.

रिकाम्या जागांची चिंता सोड. त्यांचा बंदोबस्त मी केलाय. एकही लेकरू यादीतनं सुटत न्हाय आता.

आणि ऐक, बातमी हाय. पहिला रिपोर्ट बेंगळूरला मोठ्या हापिसात गेला आणि तुझं बेळकोडी चाळीस गावांत पहिल्या पाचात आलंय! एकसष्ट लेकरांत अशक्त फक्त दोन. मी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, ही माझी आक्का. रात्रंदिवस राबतेस त्याचं कुणीतरी नाव घेतलं, म्हणून मला बरं वाटलं.

आईला जेवणानंतरची गोळी चुकवू देऊ नको.

सत्याप्पा


बेळकोडी
१२ ऑगस्ट १९८७

सत्या,

तू बंदोबस्त केलाय असं लिहिलंस, म्हणून मी बाराच्या बारा घरांत सांगून आले. बेळगावचे डॉक्टर येणार, काटा आणणार न्हाईत, नुसतं बघणार. बायकांनी लेकरांना न्हाऊ घातलं. गुणाबाईनं वखारीत खाडा केला, दोन दिवस. मी माझ्या आरोग्य केंद्राच्या दारात सडा घातला. पहिल्या पाचात आल्याचं लिहिलंस ते मला तुझी मस्करी वाटली, म्हणून सोडून दिलं.

आज डॉक्टर आले न्हाईत, तुमच्या हापिसचा कागद आला. बेळकोडीत अशक्त लेकरं दोनच असल्यामुळं एक सप्टेंबरपासनं दूध पावडर आणि पीठ बंद. खाली कुणाची तरी सही, आणि वर माझं अभिनंदन!

दोन कुठली रं? मला बारा दिसतात. तिघांच्या पायांना सूज हाय. राजीला आठवडा झाला जुलाब लागलेत, मी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजते, अर्धं ओठातनं बाहेर येतं. पीठ बंद झालं तर गुणाबाई तिला काय घालणार, तंबाखू?

मशीनमधनं एकदा बघ. मी बारा जागा रिकाम्या धाडल्यात, त्यांचं पुढं काय झालं ते मला सांग.

अंजना


टिळकवाडी
१९ ऑगस्ट १९८७

आक्का,

पत्र मिळालं. चौकशी करतोय. थोडी तांत्रिक अडचण दिसते, पत्रात समजावून सांगता येणार न्हाय. एकदा बेंगळूरला गेलेला रिपोर्ट मागं घेणं सोपं नसतं, साहेबांच्या नावानं गेलाय तो.

तोवर एक कर. त्या बारा लेकरांची वजनं अंदाजानं भर आणि फॉर्म पुन्हा धाड. तुझी नजर पक्की हाय, फरक पडणार न्हाय. आकडा आला की मी लगेच बघतो.

तब्येतीला जप.

सत्याप्पा


बेळकोडी
४ सप्टेंबर १९८७

सत्या,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते, आईनं हातातनं काढून घेतलं. अंदाजानं भर म्हणे! उद्या तुझे साहेब विचारतील, बाई, तोललं कुठं? मग मी काय सांगू, माझ्या भावानं सांगितलं म्हणून? आजवर एक खोटा आकडा माझ्या हातनं गेला न्हाय, तो तू घालवायला निघालास. आणि तांत्रिक म्हणजे काय ते मला सांगायचंच न्हाय असं ठरवलंयस का? लहानपणी दूध सांडलंस की असंच तोंड करून बसायचास.

पीठ मंगळवारपासनं बंद झालं. मी घरातलं दूध वाटते, पण एक म्हैस आणि बारा तोंडं.

आता आईचं ऐक. परवा ती काठी टेकत गुणाबाईकडं गेली आणि म्हणाली, "पोरीला काट्यात घालू नगंस. तुला घाल की. तू काय नवसाची न्हाईस." गुणाबाई बघतच राहिली. वखारीत बोचकी तोलायचा जमिनीतला काटा हाय. तिथला तोलार आईच्या ओळखीचा. जेवणाच्या सुट्टीत आईनं सगळ्या बायकांना तिथं नेलं. आधी गुणाबाई राजीला कडेवर घेऊन चढली, साडेत्रेचाळीस. मग राजीला माझ्याकडं दिलं आणि एकटी चढली, अडतीस. उतरताना तिनं वर बघून हात जोडले आणि मोठ्यानं बोलली, "मरगुबाई, मी माझंच वजान केलं गं." सगळ्या हसल्या. एकीचं बघून दुसरी, अशा अकराजणी चढल्या. बारावी आली न्हाय.

साडेपाच किलो, सत्या. दीड वर्षाची पोर. मी वजाबाकी तीनदा केली.

अकरा आकडे फॉर्मावर लिहून ह्यासोबत धाडलेत. अंदाजाचे न्हाईत, तोललेले. आता जागा रिकामी न्हाय. आता दूध आण.

अंजना


टिळकवाडी
१० सप्टेंबर १९८७

आक्का,

फॉर्म काल मिळाले. काल दुपारीच मशीनला घातले. बेळकोडीत अशक्त तेरा आले, त्यातली सात अगदी वाईट. कागद साहेबांपुढं धरला आणि सही होईपर्यंत तिथनं हललो न्हाय. मंजुरी झाली. पण माल न्यायचा ट्रक महिन्यातनं एकदाच सुटतो, एक ऑक्टोबरला. लवकर सोडा म्हणून मी तीनदा आत गेलो. तिसऱ्यांदा साहेबांनी दार लावून घेतलं.

पगारातनं दूध पावडरचे चार डबे घेतलेत, निपाणीच्या बसच्या कंडक्टरकडं दिलेत. स्टँडवरनं घेऊन जा. दोन राजीला दे.

मी यायला पाहिजे हे मला कळतंय. सध्या काम लई हाय.

सत्याप्पा


बेळकोडी
२९ सप्टेंबर १९८७

सत्या,

राजी गेली. शनिवारी, सकाळी दहाच्या सुमाराला.

डबे मिळालेले. एक तिला घातला, पण पोटात ठरत न्हव्हतं काही. निपाणीच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं, शीर सापडेना. दोन ठिकाणी टोचलं, तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर म्हणाले, हिला आधी का न्हाय आणलं? मी काय सांगणार, पहिल्या पाचात हाय म्हणून सांगू? शेवटी तिचा हात माझ्या मनगटावर होता, पट्टा धरायला तिच्यात जोर न्हव्हता.

माती देऊन परत येताना गुणाबाई वाटेत थांबली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तू तोललीस." दुसऱ्या दिवशी गावभर झालं. देवीला फसवायला गेल्या, देवीनं दाखवलं. काट्यावर चढलेल्या बाकीच्या दहा बायकांतल्या एकीनंही काल दार उघडलं न्हाय. मी बाहेरनं हाक मारते आणि आतनं लेकरू रडतंय ते ऐकते. परवा ट्रक येईल, पीठ येईल, पण माझ्या हातनं ते घेणार कोण?

आणि आई. तिनं तीन दिवस भाकरीचा तुकडा मोडला न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडलीय. "माझी अक्कल नडली," एवढंच म्हणते. जयंतीला दीक्षाभूमीच्या गोष्टी सांगणारी बाई, जिनं देवघर स्वतःच्या हातानं ओढ्यात सोडलं, ती परवा मला विचारते, "अंजू, खरंच काय असंल का गं?" मला स्वतःलाच काही कळेना झालंय. रात्री पडले की अडतीस आणि साडेत्रेचाळीस, एवढंच डोक्यात फिरतं.

तुला एकच विचारते, ह्या वेळी सरळ सांग. जुलैत मी बारा जागा रिकाम्या धाडल्या. ज्यांचं वजनच न्हाय ती लेकरं तुमच्या कागदावर बरी कशी झाली?

अंजना


टिळकवाडी
७ ऑक्टोबर १९८७

आक्का,

सरळ सांगतो. मी केली.

पहिल्याच पत्रात लिहिलं होतं बघ, वजन न दिल्यास आपल्याजवळचा ठरलेला आकडा घ्यायचा. तो आकडा म्हणजे त्या वयाच्या निरोगी लेकराचं सरासरी वजन. दुसरा कुठला घेणार, म्हणून मी तक्त्यातला तोच ठेवला. वजन रिकामं आलं की प्रोसीजर ते सरासरी वजन उचलायची, मग स्वतःच तपासायची, आणि म्हणायची, लेकरू बरं हाय. म्हणणारच की! बऱ्या लेकराचं वजन तिला मीच दिलं होतं. आणि छापताना तोललेला आकडा कुठला, हिचा हिनं घेतलेला कुठला, ह्याची साधी खूणसुद्धा ठेवली न्हाय मी. कागद स्वच्छ दिसायला पाहिजे होता.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं त्याच दिवशी मी जुलैचा कागद काढला. बारा ओळी बोटानं मोजल्या. तुझ्या पत्रात नवसाचं सगळं लिहिलेलं होतं आक्का, की न तोललेली तीच सगळ्यांत वाईट. मी ते गंमत म्हणून वाचलं आणि साहेबांना हसवलं. एका बाजूला तुझं पत्र आणि एका बाजूला माझा प्रोग्रॅम, दोन्ही माझ्याच टेबलावर होते.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, रिपोर्ट गेलाय, आता बोललो तर चाळीस गावांचं खोटं ठरतंय, पुढच्या महिन्यात गुपचूप सुधार. मी व्हय म्हटलं. साहेबांच्या अंगावर मी ढकलत न्हाय. मला माझा कुंदा जपायचा होता. तुला तांत्रिक अडचण म्हणून लिहिलं, आणि तुझ्याकडनं अंदाजाचा आकडा मागितला, कारण तुझ्या आकड्याखाली माझी चूक झाकली असती. यायला काम आडवं आलं न्हाय. तुझ्यापुढं उभं राहायची हिंमत न्हव्हती.

चाळीस गावांत मिळून तीनशे चौदा जागा रिकाम्या होत्या. त्या तीनशे चौदांतली किती राहिलीत ते मला म्हाईत न्हाय. त्यांच्या नर्सबायांना मी आता एकेक पत्र लिहितोय.

प्रोसीजर बदलली. वजन आता सक्तीचं हाय. न दिल्यास ती आकडा घेत न्हाय, नावासकट छापते, "वजन न्हाय, जाऊन बघा." त्या कागदावरनं मी गावागावांची वेगळी यादी काढलीय, आणि डॉक्टरला जीपमध्ये घालून निघायचं, हे साहेबांनी मान्य केलंय. मशीन दिवसातनं चाळीस वेळा अडते. मला ती अडलेलीच बरी वाटते आता. काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक हे ठरवताना मी मशीनला काय जड जाईल एवढंच बघितलं. राजीला काय जड जाईल हे विचारायचं माझ्या मनातच आलं न्हाय.

हे पत्र आईला वाचून दाखव. मग गुणाबाईला वाचून दाखव, सगळ्या बायकांपुढं. काट्यानं राजी मेली न्हाय. दोन महिने आधी तिचं खरं वजन कागदावर असतं तर पीठ बंद झालंच नसतं, डॉक्टर आला असता. आईची अक्कल नडली न्हाय, तिच्याच अकलेनं ते वजन मिळालं, पण माझ्यामुळं उशिरा मिळालं. माझं नाव घेऊन सांग. रविवारी मी येतो म्हणणार होतो, पण गुणाबाईनं ये म्हटलं तरच येईन.

सत्याप्पा


बेळकोडी
२१ ऑक्टोबर १९८७

सत्या,

पत्र आल्यावर दहा दिवस तुला लिहिलं न्हाय. लिहिलं असतं तर लई वाईट लिहिलं असतं. मग तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. सगळं लिहिलेलं होतं त्यात. मी साखरेपाशी हसले आणि पुढं गेले. तेवढं माझंही घे.

आईला वाचून दाखवलं. भिंतीकडं तोंड करूनच ऐकलं. शेवटी म्हणाली, "इचारलं न्हाय त्यानं. इचारलं न्हाय बघ." मग उठली, तोंड धुतलं आणि अर्धी भाकरी खाल्ली. खोकला वाढलाय, पण जेवते. तिच्या मनातनं हे जायचं न्हाय, तू तशी आशा करू नको.

काल वखारीत गेले. जेवणाची सुट्टी होती, बायका बोचक्यांवर बसून भाकरी खात होत्या. मी म्हटलं, बेळगावनं माझ्या भावाचं पत्र आलंय, ऐकायचं तर ऐका, न्हायतर जाते. कुणी ये म्हटलं न्हाय, जा पण म्हटलं न्हाय. मी उभ्यानं वाचलं. प्रोसीजर आली तिथं मी माझ्या शब्दांत सांगितलं की लेकराचं वजन न्हाय मिळालं तर मशीनीनं आपल्या मनानं एका चांगल्या लेकराचं वजन लिहिलं, आणि पोर बरी हाय म्हणून पीठ बंद केलं. ते त्यांना लगेच कळलं, मला वाटलं होतं त्याहून लवकर. एकजण म्हणाली, "म्हंजी आमच्या जागी दुसऱ्याचं प्वार तोललं म्हणा की." एकीनं तुला शिवी दिली, ती मी लिहीत न्हाय. त्यातल्या चौघींनी आज दार उघडलं आणि पीठ घेतलं. सहा अजून उघडत न्हाईत.

मी पत्राची घडी घातली, निघाले, तेव्हा गुणाबाईनं मागनं विचारलं, "माझ्या राजीच्या म्होरं किती लिवलं हुतं त्या मशीनीनं?"

मला आकडा म्हाईत होता. दीड वर्षाच्या मुलीचा तक्ता माझ्या केंद्राच्या भिंतीवरच टांगलाय. सांगू नये असं वाटलं, पण आता कुणी काही लपवायचं न्हाय असं मी ठरवलंय. म्हटलं, दहा किलो चारशे.

"धा किलो," ती म्हणाली. अजून एकदा म्हणाली. मग उठली. तिथं तंबाखूची तोललेली बोचकी रचून ठेवलेली असतात, दहा किलोची. त्यातलं एक तिनं उचललं आणि कडेवर घेतलं. रोज डोक्यावर घेते ती तसली बोचकी, सत्या, पण काल कडेवर घेतलं, एक हात खालनं आणि एक पाठीला. तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "एवढी झाली हुती व्हय गं कागदावर? एवढी जड?" कमरेतनं जरा वाकून बघितलं तिनं, जड लेकराला घेतल्यावर बायका वाकतात तशी. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी तिनं ते खाली ठेवलं न्हाय.

ये म्हणून तिनं तुला निरोप दिलेला न्हाय. तिला तो जुलैचा कागद पाहिजे, ज्यावर राजी दहा किलोची हाय. मूळ कागद. साहेबांना विचारत बसू नको, काढून घे. साध्या पोस्टानं न्हाय, रजिस्टरनं धाड.

अंजना